घोटभर पाणी

ती घटना मला आजही आठवते, ती एका कोऱ्या वहीमुळे.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. शिपाई म्हणून भरती झालेला मी खात्यांतर्गत बढतीने फौजदार झालो होतो आणि कर्वेनगरच्या बाजूची एक चौकी माझ्याकडे होती. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगा बंगळुरूला. हजेरी घ्यायला मी सगळ्यांच्या आधी चौकीत पोचायचो. हाताखालचे त्याला शिस्त म्हणत. खरं कारण एवढंच की सकाळचा चहा घरी एकट्याने घशाखाली उतरत नसे.

मे महिन्यात सरकारी रुग्णालयातून मयताची खबर आली. नदीकाठच्या एका शेल्टरमध्ये भटक्या कुत्र्यांची देखभाल करणारा, पन्नाशीचा, मूळचा अकोल्याकडचा माणूस. चार दिवस ताप, आणि पाणी समोर आणलं की घशाला आचके. डॉक्टरांनी रेबीजचा संशय लिहिला होता. दाखल झाला तेव्हा तो जबाब देण्याच्या अवस्थेत नव्हता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. प्रेताच्या पंचनाम्यात उजव्या हाताच्या बोटांवरचे दोन भरून आलेले व्रण लिहिले. प्रेत ताब्यात घ्यायला कोणी येईना. गावाकडचा पुतण्या फोनवर म्हणाला, "तुमीच करून टाका ना साहेब. आमचं काही येणं-जाणं नव्हतं त्यायच्याशी."

एवढ्या मोठ्या शहरात माणसाच्या प्रेतासाठी फक्त एक फौजदार आणि एक हवालदार उभे होते. मला ते फार लागलं.

शेल्टर चालवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका. जागा लख्ख, पिंजरे धुतलेले, प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र फाईल. कोणती लस कधी दिली, पुढची कधी, सगळं सुवाच्य अक्षरात. मी विचारलं, "चावल्याची नोंद कुठे ठेवता?" त्यांनी कपाटातून वही काढून दिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी.

"इतकी कुत्री, आणि एकदाही कोणाला चावलं नाही?"

"अहो, आमची कुत्री सुसंस्कृत आहेत. चावायला पुण्यात माणसं कमी आहेत का?"

बाई काही लपवत नव्हत्या. त्यांचा त्या वहीवर खरोखर विश्वास होता. मग मी कामगारांच्या फायली मागितल्या. चार फायली, प्रत्येकीत आधार कार्डाची झेरॉक्स. बास. "यांना लस दिली होती का?" असं विचारल्यावर मात्र बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. रोज कुत्र्यांच्या तोंडाशी हात घालणाऱ्यांना ही लस आधीच द्यायची असते, हे त्यांना माहीत होतं. राहून गेलं होतं. माझ्या नोकरीत बहुतेक माणसं दुष्टपणाने मेली नाहीत, अशी राहून गेल्यामुळेच मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीचा फोन वाजला. कुणा अनोळखी बाईचा दबका आवाज. "सायेब, त्या एकट्यालाच न्हाई चावलं." एवढंच बोलून फोन ठेवला.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, दुसरं कोणी असेल आणि त्याला अजून काही त्रास सुरू झाला नसेल, तर उशीर झाला तरी इंजेक्शनांनी वाचण्याची आशा आहे. एकदा लक्षणं सुरू झाली की आमच्या हातात काही नाही. आज शोधा, उद्या नको.

तीस-पस्तीस वर्षांत मी चोर शोधले, खुनी शोधले. जो स्वतःच मरणार आहे आणि तरीही लपून बसला आहे, असा माणूस पहिल्यांदाच शोधत होतो.

उरलेल्या तिघांना चौकीत बोलावलं. एक गाडी चालवणारा, एक स्वयंपाकाची तरुण बाई, आणि पिंजरे पाहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक विधवा ताई. हात दाखवा म्हटलं. तिघांचेही हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले! ड्रायव्हर म्हणाला, "नखं-दात लागायचेच साहेब. दरवेळी दवाखान्यात पळायचं तर त्यांना जेवायला कोण घालणार?" हातमोजे होते, पण खिळ्याला टांगलेले. मोजे घातले की कुत्र्याला आपला वास लागत नाही, ते बिथरतं, अशी त्यांची समजूत. कोणाला चावलं का, यावर तिघांचं एकच उत्तर, नाही.

दरडावून काही निघणार नव्हतं. मी हवालदाराला सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. चौकीत माणसाचा घसा कोरडा पडतो. ग्लास हातात आला की तो गटागटा रिकामा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ड्रायव्हरने तसाच रिकामा केला, तरुण बाईनेही. ताईंनी ग्लासात पाहिलं. एक घोट घेतला, तोंडात धरला, मग सावकाश गिळला. आणि डोळे मिटून सुटल्यासारखा श्वास सोडला.

मी दोघांना बाहेर पाठवलं, डायरी बंद केली.

"ताई, कधी चावलं?"

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"फोन तुम्हीच केलात ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "वाटलं, कुनीतरी इचारावं. आपनहून तोंडच उघडंना."

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी मयताने मार्केट यार्डातून एक तपकिरी कुत्रं उचलून आणलं होतं. लाळ गळत होती, जबडा लोंबत होता. दोघांना वाटलं, घशात हाडूक अडकलंय. त्याने उघड्या हातांनी जबडा फाकवून धरला आणि ताईंनी आत बोटं घातली. हाडूक नव्हतंच. कुत्र्याने दोघांनाही दात लावले. तिसऱ्या दिवशी कुत्रं मेलं, आणि मयताने ते गुपचूप कुंपणाशी पुरलं. शेल्टर भरलं होतं. परवानगीशिवाय आणखी एक जनावर आणलंस तर इथली खोली सोड, असं मॅडमनी त्याला बजावलं होतं. त्या पत्र्याच्या खोलीशिवाय त्याला जगात जागा नव्हती.

"म्हनले, 'ताई, कुनाला बोलू नका.' शबूद दिला मी. हळद लावली दोघांनी."

"पण ते गेल्यावर तरी सांगायचं!"

"कोन्च्या तोंडानं सांगू? आधी बोलले असते तर ते वाचले नसते का, सायेब? माझ्या शबदापायी मानूस गेला." त्या रडल्या नाहीत. "रोज सकाळी तांब्यातलं पानी पिऊन बघते. गेलं घशाखाली की म्हनते, आजचा दिस आपला."

मनात आलं ते एवढंच, की दारापलीकडे माणसं राहतात त्या वस्तीत ही बाई रोज सकाळी एकटी हे करत होती.

जीपमधून मीच त्यांना रुग्णालयात नेलं. त्या दिवसापासून ठरल्या तारखांना पाचही इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी मी सोबत गेलो, साध्या कपड्यांत. सिस्टरने "सोबत कोण?" विचारलं तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी "भाऊ" म्हणालो. मयताचा अहवाल आला, रेबीजच होता. मी माझ्या अहवालात शेल्टरचा निष्काळजीपणा स्पष्ट लिहिला. शेल्टरच्या बाईंनी शब्दही न बदलता आपल्या जबाबावर सही केली आणि त्याच आठवड्यात कामगारांना लस दिली. ताई जगल्या. आजही तिथेच काम करतात.

चौकीच्या प्रमुखांना, कारखानदारांना, कोणालाही मी एकच सांगतो. नोंद नाही म्हणजे इजा नाही, असं धरू नका. माणूस लपवतो तेव्हा त्याला काहीतरी गमावण्याची भीती असते. आधी ती भीती काढा, मग वही भरा.

पण या तपासाने शिकवलेलं मला पुरतं जमलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात मी जिन्यात पडलो. मनगट सुजलं, आठवडाभर डाव्या हाताने भात खाल्ला. मुलाचा रोज फोन येतो, "बाबा, सगळं ठीक ना?" मी म्हणायचो, "एकदम ठणठणीत." त्याची नोकरी, त्याची पोरं, कशाला त्याला घोर. आठव्या दिवशी ताई सहज भेटायला आल्या, माझ्या हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा बोलावली.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब घेतले. स्वतःचा द्यायला अजून कोणीतरी दारात यावं लागतं.