ओलीला ओल

आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लोखंडी पाइप उभा आहे. त्याच्या टोकाला माझं हवामान केंद्र आहे: वाऱ्याच्या तीन वाट्या, तापमान मोजणारी पांढरी डबी आणि पाऊस मोजायचं नरसाळं. नरसाळ्याखाली चिमुकला झोपाळा असतो. त्यात ठरावीक पाणी साठलं की तो कलंडतो, आणि घरातल्या पडद्यावर आकडा पुढे सरकतो. बाबा सैन्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही म्हसवडजवळच्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो, त्याच वर्षी मी हे मागवलं. पाइप बाबांनी बसवला, ओळंबा लावून, एखाद्या झेंड्याचा खांब उभारावा तसा.

माझं शालेय शिक्षण बाबांच्या बदल्यांबरोबर वेगवेगळ्या छावण्यांत, इंग्रजीतून झालं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजून गडबडते. घरून करते ते कामही ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं देण्याचं आहे. बोलावं लागत नाही म्हणूनच ते घेतलं. गावात मी कुणाशी फारसं बोलत नसे. त्याऐवजी रोज सकाळी साडेआठला भावकीच्या ग्रुपवर एक ओळ टाकत असे: काल पाऊस इतका. माण तालुक्यात ती ओळ बहुतेक दिवस ‘०.०’ अशीच असते. एका चुलत्यांनी एकदा लिहिलं होतं, ‘ताई, शून्याशिवाय दुसरं काय येतंय का न्हाई तुझ्या मशीनला?’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य टाकलं.

तो आकडा खरोखर वाचणारं कुणी आहे, हे मला सप्टेंबरच्या शेवटी कळलं. भावकीतल्या एक काकी आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान मुंबईत कामाला असतात आणि शेत काकी एकट्या बघतात. यजमान कामावर जिन्यावरून पडले होते, पायाचं ऑपरेशन झालं होतं, आणि काकी त्याच दिवशी मुंबईला निघाल्या होत्या. रान नांगरून, कुळवून तयार होतं. शाळूचं बी पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेलं होतं. फक्त पाऊस पडायचा होता. शाळू ही त्यांची वर्षाची ज्वारी, भाकरी तीच आणि म्हशीचा कडबाही तोच. पेरणीची वेळ हुकली तर वर्षभर दोन्ही विकत घ्यावं लागणार होतं.

“तुजा आकडा मला रोज धाड,” त्या म्हणाल्या. “पाऊस पडला की मी गाडी धरून येते.”

मी म्हटलं की गावात विचारायला बरीच माणसं आहेत.

“हायत की. एक म्हणतो लय झाला, दुसरा म्हणतो थेंब न्हाई. तू कमी बोलतीस, म्हणून तुझं धरते.”

नंतरच्या आठवड्यात हस्ताचा पाऊस आला. दुपारी आभाळ काळं झालं, वीज गेली, आणि गल्लीतून गढूळ पाणी वाहायला लागलं. मी खिडकीतून पाहिलं आणि बॅटरीवर चालणाऱ्या पडद्याकडे वळले. ३.२. मला ते थोडं वाटलं. पण डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा यंत्र खरं असतं असं मी धरून चालले होते, म्हणून तेवढंच पाठवलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाऊस झाला. १.८. तेही पाठवलं.

काकींचा आवाजी निरोप आला. मागे दवाखान्यातल्या लाउडस्पीकरवर कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. “आकडा मिळाला गं. पर ओलीला ओल लागली का?”

मला प्रश्न कळला नाही. विचारायची लाज वाटली. मी ‘एकूण ५.०’ असं लिहून पाठवलं. त्यावर त्यांनी लिहिलं की मग इतक्यात येण्यात अर्थ नाही, यांच्यापाशीच थांबते.

दोन दिवसांनी सकाळी काम करताना ट्रॅक्टरचे आवाज येऊ लागले, एक पूर्वेकडून, दोन ओढ्यापलीकडून. बाबा फिरून आले ते चपलांना ओढ्यातला किलोभर चिखल घेऊन. पायरीवर बसून काडीने तो काढत सहज म्हणाले, “सगळ्यांच्या पेरण्या सुरू झाल्या. वापसा आलाय.” म्हणजे चिखल सुटून रान पेरणीजोगं झालं होतं. पाच मिलिमीटरवर कुणी शाळू पेरत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

मी गच्चीवर गेले. नरसाळं पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यात दोन मुंग्या तरंगत होत्या. तळाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. मी केसांतली पिन काढून ते टोकरलं. पाणी खाली उतरलं आणि झोपाळा टकटक वाजायला लागला, दोन दिवस अडून राहिलेलं सगळं एकदम.

भोक साफ करून गप्प बसणं सोपं होतं. ग्रुपवर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ज्याचं त्याचं रान ज्याच्या त्याच्या पायाखाली होतं. आकड्यावर विसंबलेलं माणूस एकच होतं आणि ते मुंबईत होतं. खाली येऊन मी बाबांना सांगितलं. ते चिखल काढायचे थांबले नाहीत. “रिपोर्ट चुकला तर आधी दुरुस्त करायचा,” ते म्हणाले. “रडायला संध्याकाळ पडलीय. खुरपं घे.”

काकींच्या रानात मी बांधापासून दहा पावलं आत बसले. वरची माती भुरभुरीत होऊ लागली होती. खुरप्याने उकरून मी हात घातला. चार बोटं, वीतभर, मग कोपरापर्यंत. माती गार होती आणि मुठीत धरली की गोळा होत होती. अगदी खाली ती जास्त काळी, जास्त घट्ट लागली. ती आधीच्या पावसाची ओल असणार. वरची नवी ओल खाली उतरत तिच्यापर्यंत पोहोचली होती आणि मध्ये कोरडा थर कुठेच नव्हता. काकींनी काय विचारलं होतं ते मला तिथे बसून कळलं.

हात तसाच मातीचा ठेवून मी फोन लावला. टाइप करावंसं वाटत होतं, पण केलं नाही.

“काकी, माझा आकडा चुकला. नरसाळं तुंबलं होतं. पाऊस भरपूर झालाय.”

मग त्यांनी विचारलं, “हात घातलास?”

“कोपरापर्यंत.”

“ओलीला ओल?”

“लागलीय.”

“मग आज-उद्याचाच येळ हाय. उद्या यांचे टाके काढायचेत, मी काय येत न्हाई. तूच उभी ऱ्हा बांधावर.”

गावातले एक ट्रॅक्टरवाले पारापाशी पाचसहा जणांत बसले होते. मला बघून म्हणाले, “या मशीनवाल्या ताई. आज किती शून्यं?” सगळे हसले. घरून निघताना मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. मी म्हटलं, “माझं चुकलं. माझ्यामुळे काकींचं रान राहिलंय.” हसणं थांबलं. त्यांनी बोटांवर रानं मोजली, डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच येतो म्हणाले. एक म्हातारे हळूच म्हणाले, “आकडा चुकला म्हणून सांगत आलेलं माणूस पहिल्यांदाच बघितलं.”

सकाळी बाबांनी पेरणी यंत्राच्या पेटीत बी ओतलं. काकी व्हिडिओ कॉलवर होत्या, दवाखान्याच्या बाकावरून. “फोन खाली धर. अजून खाली. बी वर दिसतंय का? दिसाया न्हाई पायजे, ओलीत पडलं पायजे.” मी यंत्रामागे, पेरलेल्या तासांवरून वाकून चालत होते आणि जिथे दाणा उघडा दिसला तिथे पायाने माती ओढत होते. त्यांच्या यजमानांचा आवाजही एकदा आला, बांधाच्या कडेला जरा जागा सोडा म्हणून. रान अकराच्या आत पेरून झालं.

सहाव्या दिवशी हिरव्या रेघा दिसल्या. ओढ्याकडच्या कोपऱ्यात थोडं उगवलं नाही. तिथे मी नीट पाहिलं नसेल.

काकी आल्या तेव्हा शाळू गुडघ्याला लागत होता. एसटीतून उतरून त्या आधी रानात गेल्या आणि मग आमच्याकडे आल्या. त्या मोकळ्या कोपऱ्याबद्दल मी स्वतःहून सांगितलं. “बघितला,” त्या म्हणाल्या. “तिथं हरभरा टोकते.” चहा पिऊन झाल्यावर उंबऱ्यात चपला घालताना म्हणाल्या, “उद्या आकडा धाडशील न्हवं?”

आता मी साडेआठच्या आधी गच्चीवर जाते, नरसाळ्यात बोट घालून बघते आणि मग रानात एक फेरी मारते. काकी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकलं: ‘काल पाऊस ०.०. नरसाळं साफ. ओल एक वीत खाली, अजून टिकून आहे.’

चुलत्यांनी लगेच लिहिलं, ‘आमच्या बी रानात एकदा हात घालून जावा, ताई.’

मी ‘येते’ असं लिहिलं, आणि दुपारी खुरपं घेऊन खरोखरच गेले.