जेवलीस का?

दुपारी चहा टाकला आणि फोनवर भाचीचं स्टेटस दिसलं. मुग्धा लातूरला हॉस्टेलवर राहून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं होती: 'आता माझा कुणालाच त्रास होणार नाही.' आमच्या घरात स्टेटस दिसलं की आधी बदाम टाकतात, मग वाचतात, वाचलं तर. माझाही अंगठा तिकडेच निघाला होता.

'जेवलीस का?' असं लिहिलं आणि पुसलं. काळजी, माया, माफी, सगळं आम्ही या एकाच प्रश्नात उरकतो. त्याला 'हो' म्हणून कुणालाही सुटता येतं. मरणाचं नाव काढू नये, असं मोठ्यांनी शिकवलेलं. पण ते तिच्या खोलीत आधीच येऊन बसलं असेल तर? ती एकटीच त्याच्याशी बोलत असेल तर? मी सरळ लिहिलं, 'मुग्धा, जीव द्यावासा वाटतोय का?'

तिच्या नावाखाली 'टायपिंग' उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. तो शब्द दिसतोय तोवर पलीकडे ती आहे, एवढंच मला कळत होतं. चहा उतू गेला.

'हो, आत्या.'

मी फोन लावला. तिने लगेच उचलला.

"मी निघतेय. मी पोचेपर्यंत रूममेटला जवळ बसव. फोन ठेवू नकोस."

ती रडत राहिली, मी ऐकत राहिले. रडणं ओसरल्यावर विचारलं, "जेवलीस का?"

"नाही."

इतक्या वर्षांत या प्रश्नाला तिने पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं.