काठोकाठ भरलेला द्रोण

सौसरच्या बाजारात सुधाकरचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात भांड्यांपेक्षा त्याची जीभ जास्त वाजायची. पातळ बुडाचं पातेलं मागणाऱ्या गिऱ्हाइकाची तो आधी हजेरी घ्यायचा, मग जाड बुडाचंच गळ्यात मारायचा. असा हा भांड्यांचा माणूस मे महिन्याच्या उन्हात रामाकोन्याकडच्या रानात उभा होता आणि त्याच्याजवळ साधी वाटीसुद्धा नव्हती.

नवस फेडून डोंगर उतरताना नैवेद्य शिजवायचा पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलंच, जड झाला, म्हणून त्यानं तो मेहुण्याच्या, केशवरावांच्या, खांद्यावर दिला आणि त्यांना पुढं पिटाळलं. मागं राहिले तो आणि बायको विजया. वाटेतच तिला उलट्या-जुलाब लागले. बाटलीतलं पाणी संपलं, मोबाइलला रेंज नव्हती. पळसाखाली पडलेल्या विजयाचे डोळे खोल गेले होते. जवळ पाणी होतं ते ढोरांनी तुडवलेल्या डबक्यातलं. तसंच पाजावं तर दुखणं वाढणार, न पाजावं तर ती संध्याकाळ बघणार नाही. तिला उचलून चालायला गेला, पण चार पावलांवरच तिला परत खाली ठेवावं लागलं.

पूजेची काडेपेटी खिशात होती. त्यानं जाळ केला, निखारे पडल्यावर ते दोन दगडांमध्ये ओढले. पळसाची मोठी पानं दुमडून द्रोण केला, गमछ्यातून पाणी गाळलं आणि उतू जाऊ नये म्हणून द्रोण अर्धाच भरला. दुकानात जन्मभर तेच तर सांगत आला होता. द्रोण पेटला, वाकला, पाणी निखाऱ्यांवर गेलं. दुसऱ्याचीही तीच गत झाली.

"काय करून राहिले?" विजयानं डोळे न उघडता विचारलं.

"चहा मांडून राहिलो," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

डोळे पुसताना त्याचं लक्ष जळक्या द्रोणाकडे गेलं. पाणी होतं तिथवर पान हिरवं होतं. वरचा कोरडा काठ तेवढा जळाला होता. तिसरा द्रोण त्यानं काठोकाठ भरला. पान काळवंडलं, पण पेटलं नाही. बुडाशी बुडबुडे आले, मग पाणी खळखळू लागलं. त्यानं ते ताज्या द्रोणात ओतलं, प्रसादाची साखर टाकली आणि फुंकून फुंकून निववलं.

तिचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं द्रोण ओठाला लावला. विजयानं ओठ मिटून घेतले.

"तुमी पेले का आधी?"

संसारभर हेच चाललं होतं. तो जेवल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता आणि त्यालाही त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज त्याला स्वतःची लाज वाटली.

"पेलो ना. पोटभर पेलो. आता तू पे."

तिनं डोळे उघडून त्याच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यानं तिच्यासमोर एक घोट घेतला. मगच तिनं तोंड उघडलं.