मामाजींनी कापलेली कंबर

आमच्या उंद्रीच्या घरी टपालाने दोन छापील गोष्टी येत. मामाजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, अकोल्याचं साप्ताहिक. आणि माझ्यासाठी पुण्याचं मासिक, जे लग्नानंतरही मी हट्टाने चालू ठेवलं होतं. दोन्ही आधी मामाजी वाचत, मग ती आम्हा बायकांकडे येत.

एकदा ओसरीवर पाहुणे बसलेले असताना मी आत जाऊबाईंना मासिकातली गोष्ट वाचून दाखवत होते. लेखकाने नायिकेच्या कंबरेवर पाऊण पान खर्च केलं होतं आणि माझा आवाज मुळातच खणखणीत. पाहुण्यांना चहाचा ठसका लागला. त्या दिवसापासून मामाजींनी मिशा कापायची कातर वाचनासाठी घेतली. कंबर दिसली की कापायची आणि तुकडा पिकदाणीत टाकायचा.

हा शब्द छापखानेवाल्यांचा किती लाडका होता, ते मला त्या कातरीमुळे कळलं. अग्रलेखात तरुणांनी कंबर कसायची असे. कापसाचा भाव उतरला की व्यापाऱ्यांची कंबर मोडे. कंबरदुखीवरचं तेल दर अंकात, चौकटीत, ठळक अक्षरांत. गोष्टींमधली कंबर मुठीत मावे. असल्या कंबरेची बाई विहिरीवरून भरली घागर कशी आणते, ते मात्र कोणी लिहीत नसे. मामाजी मागचंपुढचं बघत नसत. शब्द दिसला की कातर. पैनगंगेला पूर आला तेव्हा पुलावरून भोकाइतकं पाणी वाहत असल्याची बातमी आमच्या हातात पडली.

"किती पानी असन, बाई?" मी जाऊबाईंना विचारलं.

"कंबरेइतकं," भाकर थापता थापता त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"गुडघ्याइतकं असतं त मामाजीनं कापलं असतं काय?"

जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं, पण भोकं त्या माझ्यापेक्षा भराभर वाचत.

इथवर गंमत होती. मग पोळ्याच्या तोंडावरच्या अंकात एक जाहिरात आली. चिखलीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण पाहिजे, मराठी सातवी पास. मी मध्यप्रांत-वऱ्हाडाची सातवी पास होते. आमचे हे चिखलीलाच तहसिलीत कारकून होते, खोली घेऊन एकटे राहत आणि हाताने कच्च्या पोळ्या करून खात. मला नोकरी लागली तर तिथं दोघांचं बिऱ्हाड होणार होतं. नाहीतर मी उंद्रीत आणि ते चिखलीत, हे किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. जाहिरातीच्या शेवटी 'अर्ज अमुक तारखेच्या आत पोचावेत' असं होतं, आणि त्या अमुकच्या जागी भोक होतं. पान उलटून पाहिलं तर मागे तेलाची चौकट.

कागदाला मागची बाजू असते, हे मामाजींच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि अंक त्यांच्यापुढे धरला.

"तारीख कोठी हाये, मामाजी?"

"पिकदानीत असन," दाराआडून जाऊबाई म्हणाल्या.

मामाजींनी जाहिरात वाचली. "काऊन, तुले मास्तरकी करायची हाये?"

"हाव."

नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणं पुष्कळ होती, पण भोकही त्यांचंच होतं. आमचे हे त्या आठवड्यात साहेबाबरोबर दौऱ्यावर होते, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. सरळ शाळेत जाऊन विचारू, असं मी म्हटलं.

"घरी पेपर येते अन् तारीख इचारत फिरून राह्यले, असं म्हन्तीन लोक. वाचनालयात पाहू. तारीख निंगून गेली असन त मंग बोलायचं कामच नाई."

तारीख निघून गेलेली असावी, हाच त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांची दमणी जुंपली. चिखलीला मी वाचनालयाच्या खिडकीखाली दमणीतच बसून राहिले. आत साप्ताहिकाची पानं सुटी करून चारपाच जण वाचत होते. शाळेच्या जाहिरातीचं पान मागावं, तर सून नोकरी शोधते हे गावभर झालं असतं.

"तेलाची जाहिरात हाये, ते पान द्या," मामाजी म्हणाले.

"कोन्तं तेल, काकाजी? केसाचं?"

"दुखन्याचं."

"गुडघ्याचं असन त हे घ्या."

"त्याच्या वरचं."

"पोटाचं?"

"त्याच्या खालचं!"

आत कोणीतरी फिसकन हसलं.

"कंबरेचं बे, कंबरेचं!" मामाजी गरजले.

"घ्या काकाजी, तुमीच घ्या पह्यले. लयच दुखून राह्यली दिसते."

मामाजी बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मी दमणीतून वाकून पाहिलं.

"आजचीच हाये तारीख," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय! एवढी इज्जत घालवली अन् रिकामं वापस जाऊ? हाकल रे शाळेकडं!" हे गाडीवानाला.

मुख्य बाई पुण्याकडच्या होत्या. त्यांच्याच टाकाने, त्यांच्याच कागदावर मी अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडून एक धडा वाचून घेतला आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल म्हणाल्या. दुसरा अर्ज आलेलाच नव्हता.

"सोमवारपासून या."

"सोमवारी पोळा हाये," मामाजी म्हणाले.

"बरं, मंगळवार."

"मंगळवारी कर हाये. करीच्या दिवशी नवं काम धरत नाई आमच्यात."

बाईंनी मामाजींना सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवारी येते," मी म्हटलं, आणि मामाजींच्या आधी जाऊन दमणीत बसले.