मामांचा दुपारचा तास

अख्ख्या नगर जिल्ह्यात प्रभूच्या शिष्यांवर आमच्या मामांइतका कुणाचाच राग नव्हता. साक्षात प्रभूने त्यांना केव्हाच क्षमा केली होती, पण मामा ऐकायला तयार नव्हते. तिकडे महायुद्ध चाललं होतं. मामांची लढाई मात्र शिष्यांशी. प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदाचं त्यांना फारसं वाटत नसे. "त्यो चोरच हुता. पन ह्या तिघांचं काय? पेत्र, याकोब, योहान! पकडला जायच्या राती धनी बागेत प्रार्थना करत घाम गाळतोय, अन् ह्यांना तासभर जागता येईना? आमचं कुत्रंबी जागतंय!" असं म्हणून ते कुत्र्याकडे अभिमानाने बघत. चार मुलगे झाले, दर वेळी फादरनी 'पेत्र' नाव सुचवलं, आणि दर वेळी मामांनी हात जोडून ते परत केलं.

त्याच रात्रीची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या राहुरीकडच्या देवळात सकाळच्या मिस्साच्या उपासनेनंतर पवित्र साक्रामेंत, म्हणजे प्रभूचं शरीर मानलेली भाकर, बाजूच्या वेदीवर ठेवत, आणि शुक्रवारपर्यंत गावकरी पाळीपाळीने तिथे तासतासभर पहारा करत. एका वर्षी मामांचे जिवलग मित्र याकोबकाका पहाऱ्यावर पेंगले. झालं! "नावच याकोब, त्यो झोपनारच," असं मामांनी ईस्टरला देवळाच्या दारात चारचौघांत ऐकवलं आणि बोलणं टाकलं. दोघांची विहीर एक, मोटेची पाळी एकामागून एक; तरी काठावर समोरासमोर उभं राहून मामा मामींना म्हणत, "त्यांना म्हनावं, बैल सोडा." काका बैल सोडत, पण त्यांचं तोंड एवढंएवढं होई. लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसं ही!

पुढच्या वर्षी मामांनी मुद्दाम दुपारी दोनचा तास मागून घेतला. बाहेर रणरणतं ऊन, देवळावर पत्रे. मामी म्हणाल्या, "ताक पिऊन जाऊ नगा, झोप येईल." मामांनी तांब्याभर ताक घटाघटा संपवलं. "मी काय पेत्र हाय व्हय?"

पुढचं मामा स्वतःच आयुष्यभर सांगत राहिले. गुडघे टेकले, कपाळ बाकाला लावलं, आणि जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने. शेजारी याकोबकाका गुडघ्यांवर. तीनचा तास त्यांचा होता. तेवढ्यात मागे फादरांची पावलं वाजली. मामांनी घाबरून डोकं तसंच खाली ठेवलं. काकांनी एक शब्द काढला असता, तर वर्षभराचं उट्टं निघालं असतं.

"हे अजून इथेच?" फादरनी विचारलं.

"व्हय फादर. लई खोल प्रार्थना चाललीय," काका म्हणाले, आणि गडी पुन्हा घोरेल या धास्तीने त्यांनी खणखणीत आवाजात जपमाळ सुरू केली.

"पवित्र गुरवारी, साक्रामेंतापुढं, माझ्यापायी खोटं बोलला रे!" हे सांगताना मामांचे डोळे दर वेळी भरून येत. फादर गेल्यावर त्यांनी वर्षाने पहिल्यांदा काकांना थेट विचारलं, "याकोब, लई येळ झोपलो का रं?"

"मी न्हाई का झोपलो? बस आता. माझा तास दोघं मिळून करू."

त्या पावसाळ्यात मामांना पाचवा मुलगा झाला. बाप्तिस्म्याला धर्मपिता याकोबकाका. फादरनी बिचकतच नाव विचारलं.

"पेत्र," मामा म्हणाले.

डोक्यावर पाणी पडलं तरी पोर गाढ झोपेत. काका त्याला हलवायला गेले, तर मामांनी त्यांचा हात धरला. "झोपू दे त्याला. आपन दोघं हाय की जागं."

आता ते दोघेही नाहीत. पवित्र गुरुवारी दुपारी त्याच बाकावर मलाही डुलकी लागते, आणि दचकून जाग आली की मी आधी शेजारी बघतो.