हरळी लावणारं मंडळ

दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या दिवसांत आमच्या गावात बायकांचं बागकाम मंडळ होतं, असं सांगितलं की ऐकणारे माझ्याकडं कौतुकानं बघतात. खेड्यात, त्या काळी, बायकांचं मंडळ! त्यांनी ते मंडळ बघितलेलं नाही. मी बघितलं आहे, आणि त्याच्या लॉनवर कमरेत वाकून पाणीही घातलं आहे.

मी सांगलीची. मराठी सातवी झाले आणि उंब्रजच्या अंगाला एका गावात मला दिली. नवरा पलटणीत. घरात सासरे, सासूबाई आणि मी. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल, गावचे एक सुभेदार पेन्शनीत येऊन राहिले. आमच्या उसाच्या बांधाला लागूनच त्यांनी बंगला बांधला. बंगल्यात सुभेदारीणबाई आल्या. बाई मूळच्या याच मुलखातल्या, शेण-गवऱ्या करून वाढलेल्या. पण छावण्यांतून राहून त्यांचं बोलणं बदललं होतं. ‘हटाव’, ‘ठीक है’, ‘साफसफाई’ असे शब्द त्या आमच्यावर गोळीसारखे सोडायच्या. गावात पाऊल ठेवल्यापासून त्यांचं एकच म्हणणं : या गावाला सौंदर्यदृष्टी नाही.

ती आणण्यासाठी त्यांनी मंडळ काढलं. दर गुरुवारी दुपारी बंगल्याच्या व्हरांड्यात जमायचं. सुभेदारीणबाई स्वतःच अध्यक्ष झाल्या. दुसरं कुणी होऊ शकतं हे आम्हांला माहीतच नव्हतं. मला वाचता येतं म्हणून पुण्याहून मागवलेल्या फुलांच्या बियांची पाकिटं वाचायला दिली. त्यांवरची अक्षरं इंग्रजी. मी तसं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मग सातवी शिकून काय केलंस?” त्या दिवसापासून माझं मन त्या मंडळातून उडालं, हे मी लपवत नाही.

बाकीच्या बायका का जात होत्या? चहासाठी. साखर कुठं मिळत नव्हती, आम्ही गुळाचा चहा पीत होतो, आणि सुभेदारांच्या घरी मात्र साखर असायची. त्या गोड चहासाठी आधी भाषण ऐकावं लागे. बाग केल्यानं काय काय फायदे होतात ते बाई सांगत. ताजी हवा मिळते. अंगाला व्यायाम होतो. सूर्यप्रकाश लागतो. समोर बसलेल्या बायका पहाटेपासून उसाचा पाला काढून, म्हशीचं करून, दोन खेपा पाणी आणून आलेल्या असत. त्या माना डोलवायच्या. एकीला तर व्यायामाचा फायदा ऐकता ऐकता बसल्या जागी डुलकी लागायची.

पहिलं मोठं काम निघालं ते लॉनचं.

“लॉन म्हंजी काय वं?” पानं विकणारी तांबोळीण आमच्यात येत असे, तिनं विचारलं. मनात आलेलं बोलून टाकायची तिची रीत होती.

“हिरवळ. साहेब लोकांच्या बंगल्यापुढं असते.”

“तिच्यातलं खायाचं काय?”

“खायचं काही नसतं. बघायचं.”

“आन् बगून झाल्यावर?”

बाईंनी चहा आणायला सांगितला.

पुढच्या गुरुवारी बंगल्यापुढं गवताच्या पाट्या येऊन पडल्या. माझ्याबरोबर आलेल्या सासूबाईंनी एक काडी उचलली, नखानं सोलली आणि ओरडल्या, “अगं बया, ही तर हरळी हाय!”

हरळीच होती. उसात हरळी शिरली की शेतकऱ्याची झोप जाते. कुदळीनं खणून, मातीतनं तिची एकेक मुळी वेचून बांधावर जाळायची, तरी चुकून एखादं कांडं राहतंच आणि पावसात पुन्हा सगळीकडं पसरतं. आमच्या सासऱ्यांची निम्मी हयात हरळी खणण्यात गेली होती. आणि आता त्यांच्याच बांधाला लागून आम्ही तीच हरळी वीत-वीत अंतरावर, ओळीत, हातानं लावत होतो. भोवतीनं तिरप्या विटा रोवल्या, एक चुन्याची, एक गेरूची. उन्हाळ्यात तर प्रत्येकीनं येताना एक घागर पाणी लॉनसाठी आणायचं असा नियम झाला. माणसांना प्यायला ओढ्यात झरे खणत होतो, आणि हरळीला घागरी.

मी घरी सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, आपण जायचं बंद करू.”

“च्या लय चांगला करती गं ती,” त्या म्हणाल्या.

पण एकदा त्याही दुखावल्या. सुभेदारीणबाई सभासदांच्या बागा बघत फिरत होत्या. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वांगी होती, कुडावर दोडका चढवलेला, कडेला घेवडा. सासूबाईंची ती जीव लावलेली जागा. बाईंनी छत्रीच्या टोकानं वांग्याचं पान उचलून बघितलं. “ही बाग नव्हे. हा भाजीपाला. मंडळात हे धरायचं नाही.”

त्या गेल्यावर सासूबाईंनी भांडी आपटली. “माज्या वांग्याला नावं ठेवती! सटवी!” नंतरचे काही गुरुवार आम्ही गेलो नाही. मला फार बरं वाटलं. सासू-सुनेचं इतकं जमलेलं मला आधी आठवत नाही.

मग धान्याची टंचाई वाढली आणि सरकारनं गावोगाव भाजीपाला लावा म्हणून दवंडी दिली. तालुक्याचे साहेब गावोगावच्या बागा बघायला निघाले. सुभेदारीणबाईंकडं दाखवायला होती हरळी आणि पुण्याची फुलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात लाकडी पाटी, तिच्यावर चुन्यानं ‘मंडळाची बाग’ असं लिहिलेलं.

“ही तुमच्या वांग्यात रोवायची,” त्या सासूबाईंना म्हणाल्या.

मी पुढं झाले. “पण ही बाग नव्हे ना? भाजीपाला आहे हा. मंडळात धरत नाहीत.”

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, “साहेब तुमच्याकडंच आधी येणार. हार तुमच्या हातनं घालायचा. आणि दोन शब्द तुम्हीच बोलायचे.”

मला वाटलं, आता सासूबाई पाटी फेकून देतील. त्यांनी पाटी घेतली. जराशी लांब धरून बघितली. मग मला म्हणाल्या, “बत्ता आण, रोवायला.”

साहेब आले तेव्हा आमचं परस माणसांनी भरून गेलं. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. झेंडूचा हार घातला आणि हात जोडून बोलायला उभ्या राहिल्या. आयुष्यात चार माणसांपुढं कधी न बोललेली बाई. “साहेब, आमी अडानी मानसं. आमाला काय ठावं हुतं? वांगं कसं लावायचं, पानी कसं द्यायचं, समदं ह्या मंडळानं शिकिवलं बगा.”

मागून तांबोळीण एवढ्या मोठ्यानं हसली की सुभेदारांनी वळून बघितलं. मला हसू आलं नाही. मी या घरात आले तेव्हाही तिथं हीच वांगी होती, मंडळाचं नाव निघण्याच्या कितीतरी आधी. चुलीपाशी जाऊन मी रागानं रडले. साहेब खूष झाले, टोपलीभर वांगी घेऊन गेले. जाताना बंगल्यापुढं थांबून म्हणाले, एवढी जागा गवतात का अडकवलीत? इथंही भाजी करा.

झालं. सुभेदारीणबाईंनी लॉन खणायला काढलं. ज्या बायकांनी हरळी लावली होती त्याच आता कुदळी घेऊन ती खणू लागल्या. हरळी हटते कसली! कोथिंबीर, मेथी, जे पेराल त्याच्यातनं ती आधी वर यायची. खणलेल्या मुळ्या बाईंच्या गड्यानं कुंपणापलीकडं भिरकावल्या. कुंपणापलीकडं आमचा ऊस. पावसाळ्यानंतर सासरे बांधावर उभे राहून बंगल्याकडं बघत इतका वेळ शिव्या देत होते की शेवटी त्यांना खोकला लागला.

“आत्याबाई, बघा तुमच्या मंडळाचे फायदे,” मी म्हटलं.

“हरळी कुटंबी असती,” त्या म्हणाल्या. त्या आता उपाध्यक्ष होत्या. गुरुवारी जेवणं उरकायच्या आत त्यांचा डोळा उन्हाकडं असे. नव्या आलेल्या सुनांना त्या सांगत, “ताजी हवा लय गरजेची.” या बाईनं जन्मात ताजी सोडून दुसरी हवा घेतली नव्हती.

मंडळाचा शेवट अगदी साधा झाला. सुभेदारांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि लढाई संपल्यावर सगळं बिऱ्हाड तिकडं गेलं. निरोपाच्या भाषणात सुभेदारीणबाई म्हणाल्या की गावाला आता दृष्टी आली आहे. बायकांनी डोळे पुसले. सासूबाईंनी तर पदर तोंडाला लावला. बंगल्याला कुलूप लागलं आणि त्या पावसाळ्यात हरळी व्हरांड्याच्या पायरीवर चढली.

बंगला बंद झाल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसून राहिल्या. मला जरा कसंसं झालं. म्हटलं, “चला, तांबोळणीकडं बसून येऊ.” आणखीही दोघी-तिघी तिथं आलेल्या होत्या. पानं लावत, कुणाची सून, कुणाची म्हैस अशा गप्पा चालल्या. मला वाटलं, हे मंडळापेक्षा शंभर पटींनी बरं. पण सासूबाई चुळबुळत होत्या. पान पुरतं चघळून व्हायच्या आत त्या उठल्या.

“का वं? बरं न्हाई का?” तांबोळणीनं विचारलं.

“बरं हाय,” म्हणून त्या निघाल्या. वाटेनं पुढं बघतच मला म्हणाल्या, “तितं कुनी कुनाला बोलाया हुबंच करत न्हाई गं.”