उघड्या घराची राखण

आमचा गणपत आचरेकर म्हणजे नको तिथे हात घालणारा माणूस. सालमियातल्या आमच्या खोलीतला नळ गळो की शेजाऱ्यांचा फ्रिज बंद पडो, हा पान्हा घेऊन हजर! मूळचा देवगडचा. कुवेतमध्ये बावीस वर्षं, त्यातली नऊ समोरच्या फैलका बेटावर, एका विश्रामगृहाच्या जनरेटरवर. पाच दिवस तिकडे, दोन दिवस माझ्याबरोबर खोलीत. डिसेंबरात तो कायमचा गावी जाणार होता. राजीनामा देऊन झाला होता आणि सुनंदावहिनींनी घराला रंगही लावून घेतला होता.

बेटावरची गावं नव्वदच्या इराकी आक्रमणात रिकामी झाली, ती पुन्हा वसलीच नाहीत. त्यातलं एक घर सताड उघडं असायचं. आत उंट शिरायचे. आता कोकणातल्या माणसाला असं बेवारशी घर बघवतं होय? तिकडे मुंबईकरांच्या बंद घराची किल्ली शेजाऱ्याकडे असते, तो अधूनमधून केर काढतो. गणपतने केर काढला, दाराला नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि वर कुलूप घातलं. मोठं पुण्य केल्यासारखं मला येऊन सांगितलं. मीही शाबासकी दिली.

पुढच्या महिन्यात शहरातल्या रुमैथियाहून हुस्ना नावाची म्हातारी लेकीबरोबर बेटावर आली. घर तिचं. कुलूप पाहून ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. लेकीने गणपतला सांगितलं, की आपल्या अठरा वर्षांच्या भावाला तेव्हा सैनिकांनी इथून नेलं, पुढे काहीच कळलं नाही. तो आला तर घर उघडं मिळावं, म्हणून आईने इतकी वर्षं दार लावू दिलं नव्हतं.

गणपत किल्ली शोधत बसला नाही. त्याने पान्ह्यानेच कुलूप फोडलं आणि हात जोडून उभा राहिला.

“तू इथेच राहतोस?” म्हातारीने विचारलं.

“हो, यम्मा.”

“मग तो आला तर त्याला पाणी दे. आमचा रुमैथियाचा पत्ता सांग.” तो पत्ता तिने त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

त्या आठवड्यात गणपतने राजीनामा मागे घेतला. मी भडकलोच. “अरे, पस्तीस वर्षांनी तो पोरगा येणार आहे का?”

“माका म्हायत आसा. तिकाय म्हायत आसा,” तो म्हणाला. “पण ती माका सांगान गेली मा?”

मी तणतणत वहिनींना फोन लावून दिला. म्हटलं, आता बायकोच याला सरळ करेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हातारी आसा तोवर ऱ्हवा,” त्या म्हणाल्या.